ज्याचं त्यानं बोलावं

रुग्णालयात तिला सगळे दुभाषीबाई म्हणत. अकरा वर्षं तिचं काम एकच होतं: पेशंट बोलला की ते डॉक्टरांना सांगायचं, डॉक्टर बोलले की ते पेशंटला सांगायचं. दोघांच्या मधे खुर्ची घ्यायची, पण जरा मागे सरकवून. स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही. आणि ‘ते असं म्हणतात’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. पेशंट ‘मला दुखतंय’ म्हणाला की आपणही ‘मला दुखतंय’ असंच म्हणायचं. त्यामुळे या अकरा वर्षांत तिला चार वेळा हर्निया झाला होता, प्रोस्टेटची ऑपरेशनं किती झाली त्याची गणती नव्हती, आणि एकदा जुळीही झाली होती. घरी हे सांगितलं की नवरा पोट धरून हसायचा. तो मालट्रक चालवायचा. आठवड्यातले चार दिवस सीमेपलीकडे, तीन दिवस घरी.

सीमा उघडून सव्वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून पलीकडची, म्हणजे तिच्याच भाषेची माणसं इकडे कामाला यायची, ना परवाना लागायचा ना शिक्का. तिचे सासरे पहिल्याच वर्षी आलेले. दगडाच्या फरश्या घासून गुळगुळीत करणाऱ्या कारखान्यात ते तेवीस वर्षं मशीनवर उभे होते. आता छातीत धूळ भरलेली, जिना चढताना तीनदा थांबायचे. त्यांना इथली भाषा येत नव्हती. म्हणजे ‘नमस्कार’, ‘किती वाजले’, ‘मशीन बंद करा’ एवढं यायचं. बाकी मुलगा होता, आणि नंतर सून होती.

त्या वर्षी नगरसभेपुढे एक ठराव आला. शहरात आल्यापासून दोन वर्षं रुग्णालयात, शाळेत, कचेरीत दुभाषी मिळेल. त्यानंतर मिळणार नाही. ज्याला बोलायचंय त्यानं भाषा शिकावी, नाहीतर आपलं माणूस सोबत आणावं. लोकांनी ठरावाला नावच पाडलं, ‘ज्याचं त्यानं बोलावं’. गावभर हाच विषय. न्हाव्याच्या खुर्चीतही तोच आणि लिफ्टमध्येही तोच. शेवटी नगरसभेनं शाळेच्या हॉलमध्ये जाहीर सभा ठेवली आणि सभेला दुभाषी हवा म्हणून रुग्णालयाला पत्र पाठवलं.

कचेरीतल्या साहेबांनी तिला बोलावलं.

“शनिवारी दुपारी तुम्ही जायचं.”

“साहेब, पण ठराव माझ्याच नोकरीबद्दल आहे.”

“म्हणून तर. विषय तुम्हाला माहीत आहे.”

“माझं मत विचारलं कुणी तर?”

“दुभाष्याला मत कधीपासून असायला लागलं?” साहेब म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर हसले.

खरं सांगायचं तर तिला मत नव्हतं. किंवा दोन होती, आणि दोन्ही एकमेकांच्या उरावर बसलेली. पंधरा वर्षं इथे राहून ज्याला ‘पोट’ म्हणता येत नाही असा माणूस समोर आला की तिच्या कपाळाची शीर उठायची. आणि बिचारा कुणी अडखळत ‘पोट’ म्हणाला आणि इथल्या क्लार्कनं मुद्दाम “काय? काय म्हणालात?” केलं, की तीच शीर परत उठायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शनिवारी ती निघाली तेव्हा सासरे दारात बूट घालून उभे.

“सूनबाई, मी पण येतो.”

“बाबा, दोन तास बसावं लागेल. तुम्हाला काय कळणार तिथं?”

“तू सांगशीलच की.”

ते नेहमी असंच म्हणत. तिनं त्यांचा मफलर नीट केला आणि दोघं निघाले.

हॉल मुलांच्या खेळाचा होता. जमिनीवर रंगीत पट्टे, भिंतीला लाकडी शिड्या, आणि लोखंडी खुर्च्यांच्या रांगा. कुणी ठरवलं नव्हतं, तरी इथले लोक एका बाजूला बसले आणि बाहेरून आलेले दुसऱ्या बाजूला. मधून वाट. त्या वाटेच्या तोंडाशी, मंचाच्या खाली, तिला माईक देऊन उभं केलं. कानात घालायची यंत्रं आणायचं कुणाला सुचलंच नव्हतं. प्रत्येकानं दोन वाक्यं बोलायची, थांबायचं, मग तिनं बोलायचं, असं ठरलं.

आधी एक बस ड्रायव्हर उठला. आडदांड, लाल गालांचा. “मी बावीस वर्षं बस चालवतो,” तो म्हणाला. “माझ्याच बसमध्ये मला परक्यासारखं वाटतं.”

तिनं माईक तोंडाशी नेला आणि आपल्या भाषेत म्हणाली, “मी बावीस वर्षं बस चालवतो. माझ्याच बसमध्ये मला परक्यासारखं वाटतं.”

तिच्या लोकांच्या बाजूला खसखस पिकली. पाच फुटांची बाई आणि म्हणते ‘चालवतो’! ड्रायव्हरला वाटलं आपल्यालाच हसतायत. तो आणखी लाल झाला. सभापतींनी टेबलावर थाप मारली. तिनं समजावलं, मग ड्रायव्हरही हसला, आणि पुढचं बरंच सोपं गेलं. तो म्हणाला तसं ती म्हणत गेली: मी उतारूला पुढचा थांबा सांगतो, तो माझ्याकडे नुसता बघतो. मी चांगला माणूस आहे. मी कुणाच्या विरुद्ध नाही. बायकी आवाजातलं ते ‘बघतो’ आणि ‘सांगतो’ ऐकताना प्रत्येकाला कळत होतं की बोलणारा दुसराच कुणी आहे.

मग मोठी सिस्टर उठली.

सर्जरीच्या वॉर्डातली ही सिस्टर तिची मैत्रीण होती. दोघी रोज एकाच टेबलावर डबा खायच्या. ती ठरावाच्या बाजूनं बोलेल असं दुभाषीबाईच्या स्वप्नातही नव्हतं.

“मी तीस वर्षं नर्स आहे,” सिस्टर म्हणाली. “दोन महिन्यांपूर्वी माझ्या वॉर्डात एक बाई आली. तातडीचं ऑपरेशन होतं.”

“मी तीस वर्षं नर्स आहे,” दुभाषीबाई म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

“मी तिला विचारलं, सकाळपासून पोटात काही गेलं नाही ना? ती हो म्हणाली. मी कागदावर तसं लिहिलं. दुभाषी मागवली होती, पण ती दुसऱ्या मजल्यावर होती, मिळाली नाही.”

दुभाषीबाईनं माईक वर धरला. तिनं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ‘मिळाली नाही’ हेही सांगितलं. ते प्रकरण तिला माहीत होतं. कशाला काय विचारलंय ते न कळता ती बाई सगळ्यालाच हो म्हणत होती. ती पोटभर जेवून आली होती. भूल दिल्यावर ते सगळं वर आलं, छातीत गेलं, आणि ती नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली. पण त्या सकाळी दुभाषीबाई दुसऱ्या मजल्यावर का होती, हे कुणाला माहीत नव्हतं. तिथे तिची पाळी नव्हती. तिथल्या छातीच्या दवाखान्यात सासऱ्यांचा नंबर होता, म्हणून ती अर्धा तास गेली होती.

“त्या दिवसापासून मी कुणाच्या ‘हो’वर विश्वास ठेवत नाही,” सिस्टर म्हणाली. “सात वर्षं ती बाई इथे राहतेय. मी थकले. मला रोज अंदाजानं औषध द्यावं लागतं. मी थकले हो.”

“मी थकले,” दुभाषीबाई म्हणाली. “सात वर्षं! दोन शब्द शिकायला काय होतं? मी थकले हो.”

समोरच्या खुर्च्यांवर कुजबुज झाली. ओळखीच्या बायका तिच्याकडे बघत होत्या, सिस्टरकडे नव्हत्या. सिस्टरही ‘थकले’ आणि हीही ‘थकले’. ड्रायव्हरच्या वेळी निदान ‘तो’ आणि ‘ती’ची भिंत मधे होती. आता कोण थकलंय ते ऐकणाऱ्याला कसं कळायचं? आणि तीच गोंधळली, कारण ‘दोन शब्द शिकायला काय होतं’ हे सिस्टर म्हणाली होती की आपण, ते तिला आठवेना. आत्ता, मिनिटापूर्वीची गोष्ट. ती आठवायला गेली तर दोन्ही आवाज एकाच घशातून यायला लागले.

तेवढ्यात तिच्या लोकांच्या बाजूनं एक हात वर झाला. त्या हातात मफलर. सासरे खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहत होते.

“बाबा, बसा,” ती माईक बाजूला करून पुटपुटली.

“मला बोलायचंय.”

सभापतींनी मान हलवली. बोलू द्या.

सासरे आपल्या भाषेत बोलले, सावकाश, दर दोन शब्दांनंतर श्वास घेत. “मी सव्वीस वर्षांपूर्वी आलो. पहिल्या वर्षी वर्गाला गेलो, चार दिवस. कामावरून जायचो. मशीनचा आवाज कानात तसाच असायचा, बाई काय शिकवते ते ऐकूच यायचं नाही. मग मुलगा शिकला. मग सून आली.”

तिनं सांगितलं. “मी वर्गाला गेलो. मला ऐकूच यायचं नाही.” इथल्या लोकांत कुणी हसलं नाही. ड्रायव्हर मान खाली घालून ऐकत होता.

“दोन महिन्यांपूर्वी,” सासरे म्हणाले, “मला डॉक्टरला एक गोष्ट विचारायची होती. मी त्यांच्या भाषेत आठ दिवस पाठ केली. एकट्यानं, आंघोळीच्या वेळी. आत गेलो, निम्मं वाक्य बोललो, आणि सूनबाईनं उरलेलं बोलून टाकलं. ती बरोबरच बोलली. पण मला ते संपवायचं होतं.”

ते थांबले. आता तिची पाळी.

हॉलमध्ये दोनशे माणसं होती. तिनं तोंड उघडलं आणि इथल्या भाषेत म्हणाली, “माझ्या घरच्यांनी मला फार मदत केली. मी त्यांचा ऋणी आहे.”

अकरा वर्षांत असं तिनं कधी केलं नव्हतं. वाईट बातमीसुद्धा तिनं कधी गोड करून सांगितली नव्हती.

“ए, काका असं नाही म्हणाले!” तिच्या लोकांच्या मागच्या रांगेतून एक शिंपी ओरडला. त्याला दोन्ही भाषा येत होत्या, आणि दोन्हींत त्याच्या जिभेला हाड नव्हतं. “बाई, नीट सांगा की!”

“काय झालं?” सभापतींनी विचारलं.

सिस्टर तिच्याकडे बघत होती. सासरे मात्र तिच्याकडे बघत नव्हते. ते सभापतींकडे बघत, उभेच होते.

“माझी चूक झाली,” ती म्हणाली. “परत सांगते.” मग माईक दोन्ही हातांनी धरून तिनं सांगितलं. “मी आठ दिवस पाठ केलं होतं. मी निम्मं बोललो. माझ्या सुनेनं उरलेलं बोलून टाकलं. ती बरोबरच बोलली. पण मला ते संपवायचं होतं.”

‘माझी सून’ म्हणताना ती स्वतःबद्दल बोलत होती आणि ‘मी’ म्हणताना सासऱ्यांबद्दल. हे सगळं एका दमात म्हटल्यावर तिला क्षणभर खरंच कळेना की आता आपण कुणावर रागवायचं.

“तुम्ही ठरावाच्या बाजूनं की विरुद्ध?” सभापतींनी सासऱ्यांना विचारलं.

तिनं प्रश्न पोचवला. सासऱ्यांनी विचार केला. “ते मला माहीत नाही,” ते म्हणाले आणि बसले.

“ते मला माहीत नाही,” तिनं सांगितलं. हे वाक्य तिला सगळ्यात सोपं गेलं.

सभा सुटल्यावर एक म्हातारी तिच्यापाशी येऊन म्हणाली, “बरं केलंस पोरी, आपल्या लोकांना कुणीतरी सुनवायलाच हवं होतं.” ती गेली तशी दुसरी आली. “खाल्ल्या घरचे वासे मोजतेस होय गं?” दोघींनाही ती सांगू लागली की ते माझं बोलणं नव्हतं, पण सांगता सांगताच तिचा आवाज बारीक झाला.

सिस्टर दाराशी कोट घालत होती.

“रागावलीस?” तिनं विचारलं.

“नाही. मला एक सांग. तू ‘दोन शब्द शिकायला काय होतं’ असं म्हणालीस का?”

सिस्टरनं आठवून बघितलं. “म्हणाले असेन. मनात तर होतंच. का?”

“काही नाही. आणि ती बाई... त्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर होते ना, ती माझी पाळी नव्हती. मी बाबांबरोबर गेले होते.”

सिस्टरचा हात बटणावरच थांबला. तिनं ते बटण लावून टाकलं. मग म्हणाली, “हे मला आज कशाला सांगितलंस?”

“माहीत नाही.”

“मग मी काय करू याचं?”

सिस्टर गेली. त्यानंतरही त्या एकाच टेबलावर डबा खात राहिल्या, पण पहिले काही आठवडे हवापाण्याच्या गप्पा जास्त झाल्या.

घरी जाताना सासरे दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा तिनं विचारलं, “बाबा, मला घरी का नाही सांगितलंत? दोनशे लोकांपुढे कशाला?”

“घरी सांगायला गेलो की तू म्हणतेस, ‘कळलं बाबा’, आणि वाक्य पुरं करतेस.”

“मी?”

“बघ, आत्तापण मी अजून बोलत होतो.”

ती गप्प बसली. त्यांनी श्वास घेतला, पण पुढे काही बोललेच नाहीत. त्यांचं बोलून संपलं होतं की अजून बाकी होतं, हे विचारायची तिला सोय उरली नव्हती.

महिन्याभरानं नगरसभेनं ठराव मंजूर केला, म्हणजे केलाही आणि नाहीही. दोनऐवजी चार वर्षं. साठीच्या वरच्यांना सूट. तातडीच्या वेळी सगळ्यांनाच दुभाषी. आणि शहरात वर्ग सुरू करायचे, दिवसाचे, कामाच्या वेळेत. ड्रायव्हरची बाजू म्हणाली आमचा विजय झाला. शिंप्याची बाजूही तेच म्हणाली. दुभाषीबाईची नोकरी राहिली, नुसत्या पाळ्या बदलल्या. नवऱ्यानं फोनवर विचारलं, “मग आपण जिंकलो की हरलो?” ती म्हणाली, “तू घरी आलास की सांगते,” आणि तोपर्यंत तिलाच उत्तर सुचेल अशी आशा धरून बसली.

सासऱ्यांना सूट होती. तरी ते वर्गाला जाऊ लागले. आठवड्यातून तीन सकाळी, वाचनालयाच्या तळमजल्यावर. वही लपवून ठेवायचे. एकदा ती भांडी पुसत असताना आतल्या खोलीतून त्यांचा आवाज आला, तेच ते क्रियापद, चुकीच्या जागी जोर देऊन. मी जातो, तू जातोस, तो जातो. चूक दुरुस्त करायला तिची जीभ इतकी शिवशिवली की तिनं नळ मोठा सोडला.

मग छातीच्या दवाखान्याचा दिवस आला. त्या दिवशी तिची सुट्टी होती. ती त्यांच्यासोबत बाकावर बसली. नंबर पुकारला तशी ती उठली.

“तू बस,” सासरे म्हणाले.

“बाबा, रिपोर्ट आलेत आज. डॉक्टर भरभर बोलतात.”

“हळू बोला म्हणेन. ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलंय.”

दार बंद झालं. ती बाकावर बसली. दाराला कान लावावा असं तिला वाटलं, आणि वाटलं म्हणून लाजही वाटली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. आतून एकदा डॉक्टरांचा आवाज आला, मग शांतता, मग चक्क हसण्याचा आवाज. कोण हसलं ते ओळखू आलं नाही. सिस्टरच्या वॉर्डातली ती बाई तिच्या डोळ्यांपुढे आली, सगळ्याला हो म्हणणारी. आत बाबाही आता हो, हो करत असतील तर?

सासरे बाहेर आले. हातात घडी घातलेला कागद.

“काय म्हणाले?”

“सांगितलं त्यांनी सगळं.”

“काय सगळं?”

“गोळी बदलली. आणि बाकी.”

“बाकी काय, बाबा?”

“तू बस इथं, मी औषध घेऊन येतो.” आणि ते खरंच औषधांच्या खिडकीकडे निघाले, एक हात भिंतीला लावत.

तिला राहवलं नाही. तिनं दार ढकललं. डॉक्टर पुढच्या पेशंटचे कागद लावत होते. अकरा वर्षांची ओळख होती.

“डॉक्टर, एकच मिनिट. बाबांना सगळं नीट कळलं ना? रिपोर्टमध्ये काय आहे?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं.

“त्यांना कळलंय असं मला वाटतं. दोनदा विचारून घेतलं मी, आणि त्यांनी मला परत सांगून दाखवलं. पण तुम्हाला मला सांगता येणार नाही.”

“मला?”

“त्यांनी तसं बजावलंय. सून विचारायला येईल, तिला सांगू नका. अगदी असंच म्हणाले. क्रियापद चुकलं थोडं, पण अर्थ स्पष्ट होता.”

ती तशीच उभी राहिली. बातमी चांगली असती तर लपवली असती का? की वाईट आहे म्हणून लपवली? की दोन्ही नाही, नुसतं स्वतःचं म्हणून स्वतःकडे ठेवलं? तिनं डॉक्टरांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. चेहरे वाचणं हे तिच्या कामाचंच अंग होतं, पण हा डॉक्टर जुना होता, त्याच्या चेहऱ्यावर काही सापडेना.

“ते हसले होते का आत?” तिनं विचारलं. “निदान एवढं तरी सांगा.”

“हे सांगायला हरकत नाही,” डॉक्टर म्हणाले. “मी हसलो होतो.”

ती बाहेर आली. औषधांच्या खिडकीपाशी रांग होती आणि सासरे रांगेत तिसरे होते. पुढच्या माणसाला ते काहीतरी विचारत होते, इथल्या भाषेत, हातवारे करत. तो माणूस वाकून ऐकत होता. इतक्या लांबून तिला एक शब्दही ऐकू येत नव्हता. जवळ जावं की बाकावर बसावं, हे न ठरवता ती कॉरिडॉरच्या मधोमध उभी राहिली. ट्रॉली ढकलत आलेल्या वॉर्डबॉयनं तिला दोनदा “बाई, बाजूला” म्हटलं, तेव्हा कुठे ती भिंतीकडे सरकली.